गाडीच्या दारांचे शिल्पकार यांस अनावृत पत्र

रा. रा. इंटिरिअर डिझायनर साहेब यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र बंद पाकिटात घालून पाठवणार होते. पण तुमची आणि बंद गोष्टींची पुन्हा गाठ घालून देण्याचं धाडस मला होत नाही, म्हणून उघडंच लिहिते आहे.

आपली कीर्ती मोठी. अर्ध्या पुण्याची मॉड्युलर किचन आपण केली आणि आता ‘व्हॅन लाइफ’ नावाच्या नव्या क्षेत्रात पाऊल ठेवलं. आमची ईको आपल्या वर्कशॉपमध्ये आणली तेव्हा आपण एक वाक्य उच्चारलं होतं, ते मी जपून ठेवलं आहे. ‘‘मॅडम, दार म्हणजे दार. घराचं काय अन् गाडीचं काय!’’ त्यावर मी काही बोलू पाहिलं, तर आपण म्हणालात, ‘‘ते टेक्निकल असतं, मी सरांशी बोलून घेतो.’’ ‘सर’ म्हणजे माझा नवरा. त्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो हे आजही मला विचारावं लागतं. पण असो. टेक्निकल बोलायची माझी पाळी आता आली आहे.

आधी गाडीविषयी. घरगुती कॅम्पर करायला ईको ही बिचारी फार सोयीची गाडी. दोन्ही बाजूंना सरकती दारं आणि मागे वर उघडणारी डिकी. सरकत्या दाराला जागा लागत नाही, घाटातल्या अरुंद थांब्यावर शेजारी झाड असलं तरी ते उघडतं. डिकीचं दार वर गेलं की पावसात स्टोव्हवर आपोआप छप्पर येतं. म्हणजे कंपनीने दारांचा प्रश्न 2010 सालीच सोडवून ठेवला होता. त्याआधी 1984 पासून मारुतीची व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, होतीच. त्या ओम्नीचं सरकतं दार हिंदी सिनेमातल्या अपहरणकर्त्यांनी किती मन लावून वापरलं! दार झटकन उघडलं पाहिजे आणि झटकन लागलं पाहिजे, एवढं त्या गुंडांनाही कळत होतं. आपण त्यांच्याकडे उमेदवारी करायला हवी होती.

माझी मागणी साधी होती. गाडीच्या पत्र्याला हात लावायचा नाही, उद्या उचलून बाहेर ठेवता येईल असं सामान करायचं, आणि तिन्ही दारांपैकी कुठलं वापरायचं, कुठलं अडवायचं हे आधी ठरवायचं. गाडी लहान. एका बाजूचं दार कपाटाआड जाणार हे उघडच होतं. प्रश्न एवढाच की कुठलं. आपण मोबाइल पुढे केलात, अमेरिकेतल्या कुणाच्या व्हॅनचा व्हिडिओ दाखवलात आणि म्हणालात, ‘‘सेम टू सेम करून देतो.’’ शब्दाला जागलात हो! अगदी सेम टू सेम केलंत. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथल्या व्हॅनचं सरकतं दार उजवीकडे, फुटपाथच्या अंगाला असतं. आपण तेच उजवं दार येण्याजाण्यासाठी ठेवलंत आणि डाव्या दारासमोर भिंतीसारखं कपाट उभं केलंत. परिणामी, बेंगळुरू हायवेवर खंबाटकीच्या अलीकडे गाडी कडेला घ्यावी, तर आमच्या घराचं दार थेट कंटेनरच्या वाटेत उघडतं. माझ्या सासूबाई त्या दारातून पाय खाली टाकताना रामरक्षा म्हणतात. भारतात वाहनं डावीकडून चालतात ही गोष्ट आपल्या कानावर कुणीतरी घातलेली असेल अशी माझी समजूत होती.

आता त्या उजव्या दारावर आपण केलेली कलाकुसर. दार उघडं-बोडकं दिसतं म्हणून आतून अठरा एमएमचा प्लाय मारलात, त्यावर सनमायका, त्यावर बाटल्यांचं रॅक, आणि रॅकखाली दुमडतं टेबल. हे सगळं दाराच्या पत्र्यात थेट स्क्रू ठोकून. अठरा एमएमचा आठ बाय चारचा प्लाय तीस-पस्तीस किलो भरतो. दाराला त्यातला एक तुकडाच लागला, पण टेबल, रॅक आणि भरलेल्या बाटल्या धरल्या तर त्या दाराच्या कमरेवर आपण मजबूत ओझं बांधलंत. सरकतं दार बिजागरीवर नसतं, साहेब. ते वर, खाली आणि मध्ये अशा तीन ठिकाणी चॅनेलमध्ये फिरणाऱ्या छोट्या रोलरवर लटकलेलं असतं. कंपनीने ते रोलर पत्र्याच्या दारासाठी दिले आहेत, वॉर्डरोबसाठी नाहीत. महिनाभरात दार मागच्या अंगाला बसलं. आता ते लावायचं म्हणजे एकाने खालून उचलायचं आणि दुसऱ्याने ढकलायचं. दोन माणसं नसतील तर गाडी उघडीच.

आणि ते रॅक! हे दार उघडताना आधी थोडं बाहेर येतं आणि मग गाडीच्या अंगाला घासून मागे सरकतं. म्हणजे दाराची आतली बाजू आणि गाडीचा बाहेरचा पत्रा यांच्यात जेमतेम काही बोटांचं अंतर राहतं. त्या अंतरात आपण वीतभर खोलीचं रॅक बसवलंत. पहिल्यांदा दार सरकवलं तेव्हा लोणच्याच्या बरणीने मागच्या पत्र्यावर आपली मोहोर उठवली, ती अजून आहे. तेव्हापासून दार अर्धंच उघडतं. सासूबाईंची रामरक्षा त्यामुळे लांबली आहे.

इथवरचं सगळं हसण्यावारी नेता येईल. पुढचं नाही.

दाराला आतून एक हँडल असतं. काळं, प्लास्टिकचं, दिसायला काही खास नाही. आपल्या सौंदर्यदृष्टीला ते खुपलं असणार, कारण प्लाय त्याच्यावरूनच गेला. मी विचारलं तेव्हा आपण उत्तर दिलंत, ‘‘फिनिशिंग क्लीन येतं मॅडम, आणि बाहेरून उघडतं ना!’’ बरं, डाव्या दारापुढे कपाट. डिकीला आतून हँडल नाही, आणि तिच्या तोंडाशी आपलं किचन. पुढच्या सीटमधून निघावं, तर ‘प्रायव्हसी’ म्हणून तिथे आपण पार्टिशन उभं केलेलं. पहिल्याच मुक्कामी, दापोलीजवळ, पहाटे नवरा बाहेर चहा ठेवायला गेला आणि जाताना थंडी लागू नये म्हणून प्रेमाने दार ओढून घेतलं. मला जाग आली तेव्हा ध्यानात आलं की मी एका अतिशय क्लीन फिनिशिंगच्या पेटीत आहे. ठोकठोक केली. समुद्राच्या गाजेत ती त्याला ऐकू यायला वेळ लागला, पण त्याने दार उघडलं. तो बाहेर होता म्हणून. दोघेही आत असतो आणि पडद्याला आग लागली असती, तर त्या सनमायक्याचा रंग पंचनाम्यात लिहिण्यापुरताच उरला असता.

आपण कधी एसटीने प्रवास केला आहे का? त्या लाल डब्याला आपण हसत असाल. पण त्या डब्यात लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. झोपायच्या गाडीत तर हा मार्ग आणखी महत्त्वाचा, कारण माणूस झोपेतून, अंधारात, घाबरून उठतो आणि हात चाचपडत हँडलकडे जातो. दोन वेगळ्या बाजूंनी आतून उघडणारी दोन दारं हवीत, आणि त्यांच्या वाटेत गादीखेरीज काही नको. यापुढे मग काय रंगवायचं ते रंगवा.

दाराच्या पोकळीत ‘साउंडप्रूफिंग’ म्हणून पिचकारीने फोम भरलात, त्याचं थोडक्यात सांगते. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतच असतं, आणि ते जायला दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात. फोमने ती बुजली. आता पावसात वळणावर दार भरलेल्या घागरीसारखं डचमळतं, आणि खालची कड आतून फुगायला लागली आहे. लॉकचा गजही त्या फोममध्ये रुतला, म्हणून आता बाहेरून उघडायचीही मारामार.

कपाटांकडे येते. सॉफ्ट क्लोजच्या बिजागऱ्या, पस्तीस एमएमच्या कपवाल्या, एक नंबर. आपल्या किचनमध्ये मीही त्या लावल्या असत्या. पण त्या दार हळू बंद करतात, धरून ठेवत नाहीत. आंबा घाटाच्या पहिल्या डाव्या वळणावर डावीकडच्या खणांनी एकदम आ वासला, पुढच्या उजव्या वळणावर उजवीकडच्यांनी. डाळ, तांदूळ, टॉर्च, सासूबाईंची औषधं, सगळ्यांनी स्थलांतर केलं. टेलिस्कोपिक चॅनेलवरचा मागचा मोठा ड्रॉवर त्याहून पोहोचलेला. त्याला कुलूप नाही, कडी नाही. चढावर तो आपसूक मागे धावतो आणि डिकीला टेकून बसतो. वर पोहोचून डिकी उघडली की स्टोव्हसकट नडगीवर येतो. मी आता डिकी बाजूला उभी राहून उघडते, काठीने.

यावर फॉरेनचा उपाय म्हणजे पुश-बटण लॉक. तो महाग वाटला तर आपला देशी उपाय प्रत्येक ट्रकच्या मागे लटकलेला असतो. फाळका बघा. साखळी आणि आकडा. टनावारी वाळू घाटाने चढते-उतरते, पण फाळका आपणहून उघडत नाही. तेही नको असेल तर हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात टॉवर बोल्ट मिळतो. मी तो सुचवला होता. ‘‘लुक जातो मॅडम,’’ असं आपण म्हणालात. (प्लायचं तर सांगतच नाही. बिलावर आयएस 710, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. दापोलीच्या दमट हवेत दारांच्या कडा फुगल्या, तेव्हा आतून निघाला साधा 303. आकडे लिहिताना हात चुकला असेल.)

आपल्या कलेचा कळस मात्र गॅसच्या कपाटात आहे. पाच किलोच्या सिलिंडरसाठी आपण सुंदर पेटी केलीत, तिच्या दाराला चारी बाजूंनी रबर लावलंत आणि कौतुकाने म्हणालात, ‘‘वास बाहेर येणार नाही.’’ साहेब, तो वास मुद्दाम घातलेला असतो! एलपीजीला स्वतःचा वास जवळपास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात वासाचं द्रव्य मिसळतात. आणि हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, म्हणून गळला की तळाशी साचतो. त्यासाठी कपाटाच्या तळाला थेट गाडीबाहेर जाणारी जाळी ठेवतात आणि रबर लावायचं तर झोपायच्या बाजूने. आपण खाली एक भोकही ठेवलं नाहीत. त्याच पेटीच्या वरच्या फळीत इन्व्हर्टरचा स्विच बसवलात, ही खास आपली भर. ते रबर मी पहिल्याच रात्री स्वयंपाकाच्या सुरीने काढलं आणि सिलिंडर गाडीबाहेर ठेवला.

सगळं सांगून झाल्यावर आपण नाराज न होता पुढचा प्रस्ताव मांडलात. डिकी कापू, दोन पाखांची दारं लावू, म्हणजे ड्रॉवर आणि नडगी दोन्ही प्रश्न मिटतील. ‘‘फोक्सवॅगनला असतात तशी.’’ फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनला पाखांची दारं बाजूला होती, आणि 1967 साली नवं मॉडेल आलं तेव्हा कंपनीने ती काढून बाजूला सरकतं दार दिलं. म्हणजे ते लोक जे सोडून आले, तिथे आपण मला नेणार होतात. शिवाय कायदा. मूळ रचनेहून वेगळा बदल गाडीत करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. मालकाला, साहेब. कापणारे आपण, आत जाणारी मी. त्यावर ‘‘आरटीओत आपली ओळख आहे’’ असं आपण म्हणालात. असेल. माझी विमा कंपनीत नाही. अपघातानंतर सर्व्हेअर कापलेली डिकी बघून काय शेरा मारेल, ते तुमची ओळख खोडून देणार आहे का? कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक याच देशात आहे, आणि गाड्या तपासून प्रमाणित करणारी एआरएआय तर तुमच्या वर्कशॉपपासून रिक्षाने जाण्याइतकी जवळ, वेताळ टेकडीवर आहे. सहज चक्कर मारा.

तर आता व्यवहाराचं. दारावरचा प्लाय, टेबल आणि रॅक काढा. स्क्रूची भोकं नुसत्या एम-सीलने बुजवू नका, आधी प्रायमर लावा. फोम काढा, दारातली पाण्याची भोकं मोकळी करा, रोलर स्वतःच्या खर्चाने बदला. हँडल जागेवर दिसलं पाहिजे. पार्टिशन न्या, आपल्या ऑफिसात लावा. कपाट डावीकडून उजवीकडे हलवा आणि प्रत्येक खणाला बोल्ट लावा, लुक गेला तरी चालेल. हे होईस्तोवर उरलेली रक्कम माझ्याकडे राहील, आणि ‘सरांशी’ बोलून काही उपयोग होणार नाही. चेकवर सही माझी असते.

वाचकांना एकच विनंती. तुम्हीही अशी गाडी करून घेत असाल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी कारागिराला आत झोपवा, दिवे घालवा, सगळी दारं बाहेरून ओढून घ्या आणि त्याला म्हणा, आता बाहेर या. तो आपणहून बाहेर आला तरच पैसे द्या.

आपली,
एक गिऱ्हाईक