स्थळ पाहताना गोल्फ

"अगं, पाइप बंद कर जरा, ऐकू नाही येत. कोपऱ्यावरच्या रो-हाउसमधला धाकटा ठाऊक आहे ना? ही एवढी लांब बॅग पाठीला लावून पहाटे बाइक काढतो तो."

"क्रिकेटवाला?"

"मलाही तेच वाटायचं. गोल्फ खेळतो! सिडकोनं आपल्या खारघरच्या डोंगरपायथ्याशी मैदान केलंय ना, तिथं. आणि परवा घरात जाहीर केलं म्हणे, इंजिनीअरिंग पुरे, मी प्रोफेशनल होणार. आई दोन दिवस जेवली नाही."

"श्रीमंतांचा खेळ आहे काकू, पैसा बख्खळ असेल."

"तिथंच तर मेख आहे. पगार नाही गं. स्पर्धा चार दिवसांची. दोन दिवसांत छत्तीस होल झाले की कट. आपल्याकडच्या पीजीटीआयच्या, म्हणजे व्यावसायिक गोल्फ टूरच्या, स्पर्धांत वरचे पन्नासेक राहतात, बाकीच्यांनी बॅगा भरायच्या. दमडी मिळत नाही. वर एंट्री फी, हॉटेल, प्रवास, कॅडी, सगळं खिशातून. आमचे हे रिटायर झाल्यापासून टीव्हीवर तेच बघतात, म्हणून मला पाठ."

"पण नाव तर होतं ना?"

"होतं कुणाचं तरी. पुण्याचा उदयन माने घे. टोकियो ऑलिंपिकला साठच जागा, आणि हा राखीव यादीत. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतली आणि ह्याला बोलावणं आलं. कुठला कोण माणूस नाही म्हणाला आणि आपला माने ऑलिंपिकला!"

"मग आला कितवा?"

"छप्पन्नावा. नाक मुरडू नकोस हं! भारतातून पुरुष दोघेच होते, तो आणि अनिर्बान लाहिरी. त्या साठांत शिरायचं म्हणजे खायचं काम नाही. अदिती अशोक तर चौथी आली. एका फटक्यानं पदक गेलं बिचारीचं."

"तेव्हा रात्रीत आख्खी सोसायटी गोल्फतज्ज्ञ झाली होती."

"तू धरून. पण मला विचारशील ना, तर हा खेळ मुरतो तो कॅडीच्या पोरांत. माझं माहेर चेंबूरचं. तिथला प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासूनचा. दिवसभर साहेबांच्या बॅगा वाहायच्या आणि संध्याकाळी वस्तीत यांचा खेळ सुरू. लोखंडी सळई टोकाला वाकवली की झाली स्टिक. चेंडू प्लास्टिकचा. गल्ली इतकी चिंचोळी की हात मागे न्यावा तर कोपर भिंतीला लागणार, मग सगळं काम मनगटावर. गटारावरून चेंडू उडवून नेमका पायरीपाशी टाकायचे. मोरीची खिडकी फुटली की आईचा आवाज चढायचा. आता त्याला स्लम गोल्फ म्हणतात, मालिकासुद्धा निघाली त्यावर."

"पण त्यातला कुणी मोठा होतो का?"

"न व्हायला काय झालं! सी. मुनियप्पा कॅडीच होता, 2009 मध्ये इंडियन ओपन जिंकला. कोलकात्याच्या चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात हिरवळ राखायचे. पोरगा 2016 आणि 2017, लागोपाठ दोनदा जिंकला तीच स्पर्धा. अशांना कट हुकला तर दुसऱ्या सकाळी बॅग उचलायची लाज नाही. आपल्या राजाला अजून आई पाण्याची बाटली भरून देते."

"जाऊ द्या काकू, वय आहे, करू दे की."

"मी कुठं नको म्हणते? बाप तीन वर्षं खर्च करायला तयार आहे म्हणे. अडलंय ते थोरल्याच्या लग्नात. मुलीकडचे विचारतात, धाकटा काय करतो? तर आजीनं बायोडेटात लिहायला लावलं, 'फिरतीचा व्यवसाय'."

"आणि उत्पन्नाच्या रकान्यात?"

"रेघ मारलीय."