वरच्या खोलीतलं डाएट

"वहिनी, कढीपत्त्याची फांदी जरा इकडे वाकवा हो. हां, पुरे. अहो, आमच्या वरच्या खोलीतला तो लातूरचा पोरगा बघितलात का हल्ली?"

"तो काडीपैलवान?"

"होता! दीड वर्षात पँटी बदलल्या तीनदा. खाणं कसलं ते! सकाळी चहा-क्रीमरोलवर कॉलेज गाठायचं. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद म्हणून मॅगी. वर रात्री जागायला कोल्ड्रिंक. परवा मी रिकामी बाटली उलटी करून वाचली, 100 मिलीला 10 ग्रॅमच्या वर साखर! अर्ध्या लिटरला दहा चमचे झाले की. माझ्या चहातला दीड चमचा मात्र आमच्या ह्यांना खुपतो."

"मग आता?"

"आता डाएट! डॉक्टरांनी कंबर मोजली, 90 सेंटिमीटरच्या आत आणा म्हणाले. रूममेट पडला दीक्षितांवाला. दोनदाच जेवायचं, 55 मिनिटांत. आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. चालणं राहिलं बाजूला, 55 मिनिटं मात्र पुरेपूर वसूल! हा दिवेकरांवाला, दर दोन तासांनी थोडं खायचं. थोडं म्हणजे सामोसा. त्या बिचाऱ्या दोघांनी असं कुठं सांगितलंय?"

"आमच्या ह्यांनीही दीक्षित धरलं होतं, काकू. एकादशीला खिचडी दिसली आणि सुटलं."

"जिमचे तीन महिन्यांचे पैसे भरले आणि गेला आठवडाभर. म्हटलं, बाबा, पर्वतीच्या 103 पायऱ्या फुकट आहेत, रोज दोनदा चढ. मेसमध्ये पोळीआधी उसळ नि काकडी घेत जा, रात्री वेळेवर झोप. तर म्हणतो, 'काकू, उसळ म्हणजे नुसता रस्सा असतो, मटकी शोधावी लागते.'"

"ते खरंय हो. भाजीवर बोटभर तवंग. त्यापेक्षा माझा डबा लावू दे. दोन ज्वारीच्या भाकरी, सुकी उसळ, पालेभाजी, ताक. दोघांचा लावला तर महिन्याला थोडे कमी घेईन."

"तरीच! एवढा वेळ फांदी धरून उभ्या आहात ते! बरं, सांगते त्याला. आणि रविवारी संध्याकाळी?"

"छे, तेव्हा आमचीही चूल बंद. ह्यांना मिसळ लागते."