जांघेत गाठ आणि गावाला वळसा

आषाढी वारीत माउलींची पालखी नातेपुत्याहून निघते, सदाशिवनगरला गोल रिंगण होतं आणि संध्याकाळी ती आमच्या माळशिरसला मुक्कामाला येते. त्या दिवशी माझ्यासारख्या घरबशा मास्तरलाही आपण जन्मजात वारकरी असल्याचा भास होतो. दोन वर्षांपूर्वी हा भास जरा जास्तच झाला. नातेपुत्यापासून घरापर्यंत अनवाणी चालत येणार, असं मी जाहीर करून टाकलं. बायकोने माझ्या तळपायांकडे पाहिलं. न्हाणीत जातानाही स्लीपर घालणारे पाय ते. "चपला पिशवीत टाकते," एवढंच ती म्हणाली. मी त्या बाणेदारपणे काढून ठेवल्या.

रिंगणात अश्व धावला. त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावले, मीही धावलो. कपाळाला माती लागली आणि त्याच क्षणी उजव्या टाचेत बाभळीचा काटा गेला. काटा उपटून फेकला, "विठ्ठल विठ्ठल" म्हणालो आणि घरापर्यंत लंगडत आलो. बायकोला सांगितलं, थोडं चमकलंय.

तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना उजव्या जांघेत बोराएवढी गाठ हाताला लागली. दाबली की कळ थेट मेंदूत. तीच गाठ काखेत आली असती तर शर्ट काढून अख्ख्या स्टाफरूमला दाखवली असती. पण जांघ ही जागाच अशी की माणूस मुकाट होतो. बायकोला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. पन्नाशीच्या पोराने आईला जांघ दाखवायची म्हणजे काय! राहता राहिला मोबाईल. रात्री दोन वाजता पांघरुणात तोंड खुपसून मी त्याला विचारलं. मोबाईलला कुठलंही लक्षण सांगा, तिसऱ्या ओळीला माणूस तिरडीवर असतो. मी उठून सोसायटीचं कर्ज, दोन भिशा आणि शेजाऱ्याकडे अडकलेले चारशे रुपये असं सगळं एका कागदावर लिहून काढलं.

सकाळी चहाच्या टपरीवर गेलो आणि म्हणालो, "माझ्या एका मित्राला जांघेत गाठ आलीय." हे मी दोन पायांत वीतभर अंतर ठेवून, फताडा उभा राहून सांगत होतो. सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे मित्राची चौकशी केली. एकाने हर्निया ठरवला. दुसऱ्याने बिब्ब्याचा चटका सांगितला. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, "गाठ म्हंजी पिलेगच की. माझा आज्जा सांगायचा, गाठ उठली की लोकं गाव सोडून रानात खोपी करून ऱ्हायची."

मी इतिहास शिकवतो. आजोबांच्या बोलण्यानंतर इतिहास आठवून उरलासुरला धीरही पळाला. 1896 साली मुंबईत प्लेग आला. मग तपासणी करणारे लोकांच्या काखा आणि जांघा चाचपत फिरू लागले, तेव्हाचा संताप आपण पुस्तकात वाचतो. त्याच मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत हाफकिन नावाच्या माणसाने मेलेल्या जंतूंची लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. हे मी दरवर्षी नववीच्या पोरांना छाती पुढे काढून सांगतो. इथे मला माझी स्वतःची गाठ दुसऱ्यांदा दाबायची हिंमत होत नव्हती. रात्री बिब्बा मात्र लावला. सकाळी गाठ होती तिथेच, भोवती बिब्बा उतून फोड आलेले. आता वीतभर अंतर हातभर झालं.

शेवटी दवाखाना. डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारताच मी डोळे मिटून पायजम्याची नाडी सोडायला घेतली. "अहो सर, नाडी राहू द्या," ते म्हणाले, "आधी तळपाय दाखवा."

मला वाटलं, डॉक्टरांनी दुसऱ्याच पेशंटचा कागद घेतला. त्यांनी टाच दाबली. मी ओरडलो. काट्याचं टोक आत मोडून राहिलं होतं आणि भोवती पू झाला होता. नंतर गाठ तपासली, बिब्ब्याचे फोड पाहिले आणि खुर्ची मागे सरकवून ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. हसू आवरत असावेत.

मग काटा काढता काढता त्यांनी मला शिकवलं. ते आमच्याच तालुक्यातले, बागायतदाराचे चिरंजीव, त्यामुळे उपमा उसातली. रक्त बारीक नळ्यांतून फिरतं तेव्हा पाण्याचा थोडा अंश बाहेर पाझरतो, कॅनॉलचं पाणी रानात पाझरावं तसा. तो निचरून न्यायला शरीरभर चर खणलेले असतात, त्या लसीकावाहिन्या. चर बुजले तर रान चिबडतं. पायाचे चर हत्तीरोगाच्या जंतांनी बिघडवले की पाय सुजून हत्तीपाय होतो. (लहानपणी आमच्याकडे रात्री आरोग्य खात्याचे लोक रक्त घ्यायला यायचे तेव्हा मी कणगीमागे लपायचो. हे जंत रक्तात रात्रीच वर येतात म्हणून ती अवेळ, हे मला त्या टेबलावर कळलं.) आणि या निचऱ्याला हृदयासारखी मोटर नाही. चरांच्या भिंती स्वतः आवळतात, चालताना पोटऱ्या आवळतात, श्वासाने छाती हलते, त्यावर ते पाणी वर चढतं. मागे येऊ नये म्हणून आत झडपा. वर चढून शेवटी गळ्याच्या बुडाशी पुन्हा रक्तात मिळतं.

"आणि वाटेत नाके," ते म्हणाले. "शरीरात असे पाच-सहाशे असतील. पायाचा नाका जांघेत."

टाचेतल्या जंतूंवर पहिल्या पांढऱ्या पेशी जागेवरच तुटून पडतात, पू त्यांच्याच लढाईचा. काही पेशी मात्र जंतूचा तुकडा घेऊन चरातून नाक्यावर येतात आणि तिथल्या गर्दीला दाखवत सुटतात: याला कोण ओळखतो? लाखो उमेदवारांतून एखाद्यालाच ओळख पटते. मग त्याच्याच हजारो प्रती निघतात, भरती सुरू होते, नाका फुगतो. प्लेगचा जंतू डांबरट, तो नाक्यावर येऊन नाकाच ताब्यात घेतो. माझ्या टाचेतले जंतू त्या लायकीचे नव्हते. म्हणजे माझ्या अंगात त्या आठवड्यात शुद्धीवर होती ती फक्त ही गाठ, आणि मी तिलाच बिब्ब्याने भाजत होतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, गोळ्या मिळाल्या. "टाच बरी झाली की गाठ उतरेल. तीन-चार आठवड्यांत उतरली नाही, टणक लागली, वाढली तर मात्र परत या. मित्राला नका पाठवू, तुम्हीच या." टपरी ते दवाखाना, बातमीलाही मोटर लागत नाही.

घरी आलो तर आई ओसरीवर ज्वारी पाखडत बसलेली. आता लाजायचं काय उरलं होतं? सांगितलं, जांघेत गाठ आली होती.

तिने सूप थांबवलंही नाही. "अवधाण आलं आसंल. टाचंत काटा मोडलाय का बघितलंस?"

चारशे रुपये तपासणी, इंजेक्शन, गोळ्या आणि लिहून ठेवलेलं मृत्युपत्र माझ्या डोळ्यांपुढून गेलं. "तुला कसं कळलं?"

"चार-पाच दिस लंगडतोयास की. मला वाटलं, सांगशील." मग सूप खाली ठेवून तिने मला पहिल्यांदाच खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. "आन् पायजम्यावर त्यो बिब्ब्याचा डाग रं कशापायी?"