असुराघरची दुर्गा

आंबाजोगाईच्या योगेश्वरीने दंतासुराला मारलं, हे बीड जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्याच पोराच्या हाती कॅपकॉमचा २०१२ सालचा ‘असुराज् रॅथ’ हा जपानी गेम द्या. अंतराळयानं, यांत्रिक अंगाचे देव, आणि नायक कोण? असुर! संतापला की सहा हात फुटणारा. त्याच्या बायकोचं नाव दुर्गा. लेकीचं मित्रा, म्हणजे आपला वेदातला देव तिकडे मुलगी झाला. (बारशाला आत्याबाई नसाव्यात.) दुर्गा बिचारी सुरुवातीलाच मारली जाते, नि तिच्या सुडासाठी, पळवलेल्या लेकीसाठी असुर आकाशपाताळ एक करतो. मार्गशीर्षातल्या योगेश्वरीच्या उत्सवात हे आजीसमोर मात्र बोलू नका. मग आपल्या दंतासुराला दिली होती तरी कोण, हे ती विचारल्याशिवाय राहायची नाही.