हुकूम मंत्रालयाचा, बिल गावाचं

२०२१ साली महावितरणने थकबाकीपोटी राज्यातल्या अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली. कोरोना सुरू होता, घरपट्टीची वसुली जवळपास थांबली होती आणि त्यातच गावं अंधारात गेली. गावच्या दिव्यांचं बिल वर्षानुवर्षं सरकारी अनुदानातून भरलं जायचं. ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून कळवलं, की यापुढे पथदिव्यांचं आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल ग्रामपंचायतींनी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावं. सरपंच चिडले. तालुक्या-तालुक्यांत निवेदनं गेली, आंदोलनं झाली. पुढाऱ्यांनी त्याला राजकारण म्हटलं असेल, मी त्याला साधा हिशोब म्हणतो. सरपंचांचं बरोबर होतं.

वित्त आयोगाचा पैसा केंद्राकडून येतो आणि तो गावाच्या विकास आराखड्यासाठी असतो. आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. लोकांनी हात वर करून ठरवलेलं असतं, की यंदा दलित वस्तीतलं गटार, पुढच्या वर्षी अंगणवाडीचं छप्पर. त्या पैशातून वीजबिलं भरायला लावणं म्हणजे ग्रामसभेचा निर्णय परिपत्रकाने फिरवणं. गावाने थकबाकी केली म्हणावं, तर ती ज्या काळात साठली त्या काळात पथदिव्यांचं बिल भरायची जबाबदारी गावाकडे नव्हतीच.

यातला पुढचा भाग जास्त संतापजनक आहे. याच महावितरणचे खांब आणि रोहित्रं गावच्या जमिनीवर उभी आहेत. काही ग्रामपंचायतींनी त्यांवर कर मागितला, तेव्हा सरकार महावितरणच्या बाजूने उभं राहिलं आणि ग्रामपंचायतींना हा कर लावायला मनाई झाली. कंपनीने गावाला काही द्यायचं नाही आणि गावाने कंपनीला पै-पै द्यायची, हा न्याय कुठला?

दुसरं उदाहरण संगणकाचं. गावातच दाखले मिळावेत म्हणून २०१६ पासून ग्रामपंचायतींत ‘आपले सरकार सेवा केंद्र’ सुरू झालं. कल्पना उत्तम, लोकांची तालुक्याची खेप वाचते. पण केंद्राचा खर्च ग्रामपंचायतीवर पडला, महिन्याला १२,३३१ रुपये, म्हणजे वर्षाला १,४७,९७२. ही रक्कम वित्त आयोगाच्या निधीतून परस्पर केंद्रं चालवणाऱ्या कंपनीकडे वळायची. केंद्रातल्या संगणक परिचालकाच्या हातात त्यातले जेमतेम निम्मे पडायचे, तेही अनेकदा महिनोन्‌महिने उशिरा. मानधनासाठी हे परिचालक पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरले. कंपनी निवडताना गावाला कुणी विचारलं नव्हतं. दर गावाने ठरवला नव्हता आणि काम नीट झालं नाही तर पैसे थांबवायचा अधिकारही गावाला नव्हता.

रक्कम लहान वाटत असेल तर असं पाहा. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्राच्या ग्रामीण संस्थांना वित्त आयोगाचे ५,८२७ कोटी रुपये ठरले होते. २०११ च्या जनगणनेनुसार ग्रामीण लोकसंख्या सहा कोटींच्या थोडी वर. माणशी साडेनऊशे धरा. त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीचे, बाकीचे पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचे. हजार वस्तीच्या गावाच्या वाट्याला साधारण साडेसात लाख आले आणि त्यातला पाचवा हिस्सा एका संगणकाच्या केंद्रावर गेला. उरलेल्यातला मोठा भाग ‘बंधित’, फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. त्या वर्षी निम्मा निधी बंधित होता, पुढच्या वर्षापासून ते प्रमाण ६० टक्के झालं. गावाने स्वतःच्या मनाने खर्च करावा असं मागे काय उरलं, ते कोणत्याही सरपंचाला विचारा.

वरून लादलेला प्रत्येक खर्च वाईट असतो, असं मी म्हणणार नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च केलेच पाहिजेत. हे बंधन नसतं तर कित्येक गावांत त्यांच्यापर्यंत रुपयाही पोचला नसता. ते राहायलाच हवं. माझी तक्रार आहे ती काम राज्याने ठरवायचं, श्रेय राज्याने घ्यायचं आणि पैसे गावाच्या ताटातून उचलायचे, या रिवाजाबद्दल.

जलजीवन मिशनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर चाललं आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला घोषणा झाली, माणशी रोज ५५ लिटर पाणी, घरोघरी नळ. गावांतर्गत कामांच्या खर्चातली १० टक्के लोकवर्गणी गावाची, डोंगराळ भागात पाच टक्के. इथपर्यंत ठीक. पण योजना उभी राहिली की ती चालवायची गावाने. पंपाचं बिल, जळालेली मोटार, फुटलेली पाइपलाइन, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, सगळं मुख्यतः पाणीपट्टीतून. ज्या गावात पाणी आठवड्यातून एकदा येतं तिथे पाणीपट्टी कोण भरणार? टाकीला गळती आहे, निम्म्या वाडीला नळ नाहीत आणि तरी ‘योजना हस्तांतरित करून घ्या’ असा तगादा सरपंचाच्या मागे लागतो. सही केली की ठेकेदार सुटला, खातं सुटलं, अडकलं ते गाव. अशा कागदावर सही न करणारा सरपंच माझ्या मते विकासाचा शत्रू नाही. तो गावाचा चांगला विश्वस्त आहे.

भटक्या कुत्र्यांचंही तसंच. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरणाचं काम स्थानिक संस्थांवर आहे. शस्त्रक्रियेची जागा, पशुवैद्यक, पिंजऱ्याची गाडी, यांतलं काय आहे एखाद्या छोट्या नगरपंचायतीकडे? लहान पोराला कुत्रं चावलं की लोक मुख्याधिकाऱ्याच्या दारात जातात. नियम लिहिणाऱ्याच्या दारात कुणी जात नाही.

शहरांची गत वेगळी नाही. बहुतेक शहरांतली जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी उठला, २०१७ मध्ये जीएसटी आला. महापालिका राज्याच्या नुकसानभरपाईवर जगू लागल्या. मग जानेवारी २०२२ मध्ये, महापालिकेची निवडणूक समोर असताना, राज्य सरकारने मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला. सुमारे १६ लाख घरं. लोकांना दिलासा मिळाला, त्यांच्याबद्दल वाईट वाटायचं कारण नाही. पण दरवर्षी बुडणारे शेकडो कोटी मुख्यतः महापालिकेचे आहेत आणि घोषणा राज्याची. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

हे चालतं कारण कायद्याने त्याला मोकळं रान दिलंय. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने २९ विषयांची यादी केली, पण त्यांतलं काय, किती आणि कोणत्या पैशासकट खाली द्यायचं ते राज्यांवर सोडलं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६२ पासून आहेत. पंचायत राज आम्ही देशाला शिकवलं, असं आपण सांगतो. पैशाच्या बाबतीत मात्र केरळ पुढे गेलं. तिथे १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजना-खर्चातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९७९ मध्येच राज्यघटनेत लिहून घेतलं, की राज्याने स्थानिक संस्थांवर नवं काम टाकलं तर त्याचा खर्च राज्याने भरून द्यावा. तिथेही सरकारने पैसे थकवले. मग २००४ मध्ये लोकांनी आणखी एक दुरुस्ती करून घेतली. राज्याने भरपाई दिली नाही, तर बऱ्याचशा कामांची सक्ती त्या वर्षापुरती स्थगित.

आपल्याकडे यासाठी घटना बदलायची गरज नाही. आपला कोणताही शासन निर्णय उघडून पाहा. त्यात राज्याच्या तिजोरीतून पैसा जाणार असेल, तर तळाशी लिहिलेलं असतं, की वित्त विभागाची सहमती घेतली आहे. तिचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक आणि तारीख असते. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा तेही असतं. स्वतःचा रुपया खर्च करण्याआधी मंत्रालय इतकं विचारतं. गावाचा रुपया खर्च करायला मात्र गटविकास अधिकाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली पीडीएफ पुरते, सोबत ‘तात्काळ अहवाल सादर करावा’ ही ओळ. मागणी सोपी आहे. स्थानिक संस्थेवर काम टाकणाऱ्या प्रत्येक शासन निर्णयात त्या कामाचा अंदाजे खर्च आणि राज्याचं लेखाशीर्ष छापलेलं असावं. ते नसेल तर काम ऐच्छिक मानावं.

ही मागणी आधीच जोरात व्हायला हवी होती. पण २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, वर्षानुवर्षं बसले. प्रशासक हा सरकारचा नोकर. ज्याने बदली करायची त्याच्याच हुकमाला तो ‘पैसे द्या, मग करतो’ म्हणणार नाही. नाही म्हणायचं ते निवडून आलेल्या माणसाने. आता निवडून आलेल्यांनी पहिल्याच सभेत हे बोलायला हवं, पक्ष कोणताही असो. आपल्याच पक्षाचं सरकार वर असेल तर जास्त मोठ्याने.

आणि हे फक्त सरपंचावर सोडू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना सहसा ग्रामसभा होते. कोरम नाही म्हणून ती तहकूब होऊ देऊ नका. जाऊन बसा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे एकच यादी मागा: वर्षभरात वरून कोणती कामं आली, प्रत्येकावर गावाचे किती रुपये गेले, त्यांतले सरकारने किती दिले. यादी वाचून झाली की ठराव लिहून घ्या, की यापुढे निधी जमा झाल्यावरच काम सुरू होईल. ठरावाची नक्कल गटविकास अधिकाऱ्याला द्या, आमदाराला द्या आणि पोच घ्या.