अमाल्फी-दर्शनाचा शास्त्रोक्त विधी

दक्षिण इटलीत सालेर्नोच्या आखातावर, डोंगराच्या चिंचोळ्या घळीत वसलेले अमाल्फी आज जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव असले, तरी नवव्या शतकापासून ११३१ मध्ये सिसिलीच्या राजा रॉजरपुढे मान तुकवेपर्यंत ते स्वतःचे आरमार आणि स्वतःचे नाणे बाळगणारे राज्य होते, व व्हेनिस, जेनोआ आणि पिसा यांच्या पंगतीत त्याची गणना इटलीच्या चार सागरी प्रजासत्ताकांत होते. हा इतिहास पर्यटकाच्या दृष्टीने गैरसोयीचा आहे, कारण त्याच्या हाती साधारणतः तीन तास असतात आणि त्यांतला बराचसा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेसाठी राखून ठेवावा लागतो. सबब, इतिहासाचा उपद्रव कमीत कमी होऊन दर्शनाचे पुण्य मात्र पूर्ण पदरात पडावे, या हेतूने पुढील विधी सांगितला आहे.

गावाला रेल्वे नाही. एकोणिसाव्या शतकात किनाऱ्याचा रस्ता होईपर्यंत येथे लोक होडीने किंवा खेचरांच्या पायवाटेने येत, आणि आजही मोसमात सालेर्नोहून बोट मिळते. परंतु समुद्रमार्ग सोयीचा, मोकळा आणि परंपरेला धरून असल्यामुळे तो अर्थातच टाळावा. खरा साधक बसने येतो. कडा कोरून काढलेल्या या रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन बसगाड्यांपैकी मागे कोणी जायचे, हा प्रश्न प्रत्येक वळणावर नव्याने उपस्थित होतो आणि तो हॉर्न, हातवारे व अखेरीस आरसे मिटून सोडवला जातो. स्वतःची मोटार आणू पाहणाऱ्यांसाठी मोसमातल्या गर्दीच्या दिवशी सम-विषम क्रमांकांचा नियम आहे, म्हणजे गाडीच्या पाटीवरचा शेवटचा आकडा आणि तारीख यांची पत्रिका जुळल्याखेरीज प्रवेश नाही. सालेर्नोहून येताना समुद्र डाव्या हाताला असतो; जागा त्या बेताने धरावी, व खाली पाहून पोटात गोळा येत असेल तर त्याच बेताने सोडावी.

बसमधून उतरताच फ्लाव्हियो जोया याचा पुतळा दिसतो, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण होकायंत्राचा जनक म्हणून गावाने ज्याच्या नावे चौक केला तो हा पुरुष बहुधा जन्मालाच आला नव्हता. फ्लाव्हियो बियोंदो या पंधराव्या शतकातील इतिहासकाराने चुंबकाचा नौकानयनातील उपयोग अमाल्फीकरांनी शोधल्याची वदंता नोंदवून ठेवली होती. १५११ मध्ये जांबात्तिस्ता पियो या विद्वानाने तिचा हवाला देताना लॅटिनमध्ये लिहिलेल्या वाक्याचा अर्थ ‘हा शोध अमाल्फीत लागला, असे फ्लाव्हियो सांगतो’ असा होता. पुढच्या वाचकांनी स्वल्पविराम एक-दोन शब्द इकडचा तिकडे केला आणि ‘हा शोध अमाल्फीत फ्लाव्हियोने लावला, असे सांगतात’ असा अर्थ निघाला. नाव मिळाल्यावर आडनाव मिळायला वेळ लागत नाही. चुंबकसूचीचा गुण चिन्यांना त्याआधीच ठाऊक होता, आणि तिला डबीत बसवून जहाजावर वापरण्याजोगी करण्यात अमाल्फीच्या खलाशांचा काही वाटा असावा, एवढेच अभ्यासक फार तर मान्य करतात. पण डबीचा पुतळा उभारता येत नाही. शुद्धलेखनाची हेळसांड करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे स्मारक अवश्य दाखवावे, कारण स्वल्पविरामाच्या पोटी जन्मलेल्या माणसाला दगडी चौथरा मिळाल्याचे दुसरे इतके ठळक उदाहरण सापडणे कठीण. पुतळा हातातल्या यंत्राकडे मान खाली घालून पाहत असतो. त्याच्या भोवती मोबाइलवरचा नकाशा उलटसुलट फिरवीत, अगदी त्याच मुद्रेत, शेकडो लोक उभे असतात, म्हणून गर्दीतून त्याला ओळखण्याची खूण म्हणजे त्याचा रंग.

पुढे दुओमो, म्हणजे गावाचे मुख्य चर्च. त्याच्या ६२ पायऱ्या चढण्यासाठी नसून बसून आइस्क्रीम खाण्यासाठी आहेत, असा समज सर्वत्र रूढ आहे. छायाचित्रात जो प्राचीन दर्शनी भाग येतो तो १८६१ मध्ये काही भाग कोसळल्यावर त्या शतकाच्या अखेरीस नव्याने बांधलेला आहे. खरोखर प्राचीन आहे ते अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतून घेतलेले कांस्याचे दार, आणि म्हणूनच पर्यटक त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. तळघरात संत अँड्र्यूचे अवशेष आहेत, जे चौथ्या धर्मयुद्धात कॉन्स्टँटिनोपल लुटले गेल्यानंतर कार्डिनल प्येत्रो कापुआनो यांनी १२०८ मध्ये येथे ‘आणले’. हे क्रियापद स्थानिक भावनेचा मान राखून वापरले आहे. उत्सवात याच संताची मूर्ती खांद्यावर घेऊन लोक या पायऱ्या धावत चढतात, हे आइस्क्रीम संपवताना लक्षात ठेवावे.

समुद्रस्नानाची तयारी असल्यास किनारा गोट्यांचा आहे, आणि त्यातला बराचसा भाग भाड्याच्या छत्र्यांनी व्यापलेला आहे, हे आधी समजून घ्यावे. प्रजासत्ताकाचे बंदर याच पाण्यात आहे: नोव्हेंबर १३४३ मधल्या वादळाने ते आणि गावाचा सखल भाग गिळला, व जहाजे बांधण्याच्या जुन्या कारखान्याच्या उंच कमानीही अर्ध्याच उरल्या. ‘तावोला अमाल्फिताना’ हा येथला सागरी कायदा मात्र सोळाव्या शतकापर्यंत चालला. जहाजमालक, व्यापारी आणि खलाशी यांनी सफरीतला नफा-तोटा सामाईक ठेवावा, अशी भागीदारी त्यात सांगितली आहे. तिचा आधुनिक अवशेष उपाहारगृहाच्या बिलात पाहावा. तेथे ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर नुसते बसल्याबद्दल माणशी आकार, लागतो. आठ जणांच्या मराठी चमूने दोन पिझ्झा मागवून काटकसर साधली, तरी कोपेर्तो आठांचाच भरावा लागतो, आणि तो कोणी भरायचा यावरून होणारी चर्चा त्या भागीदारीहून अधिक गुंतागुंतीची असते.

खरेदीत ‘स्फुसातो’, म्हणजे चातीसारखे दोन्ही टोकांना निमुळते लिंबू, हे साबणापासून मद्यापर्यंत सर्व रूपांत मिळते; ते डोंगरावरच्या ज्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांतून माणसाच्या खांद्यावरून खाली येते, तिकडे मात्र कोणी वर मान करून पाहत नाही. चिंध्या कुटून केलेला ‘बांबाजिना’ कागदही घ्यावा. तो इतका सुरेख असतो की त्यावर काही लिहिण्याचे धाडस होत नाही, व घरी नेल्यावर तो कोराच राहतो.

परतीच्या बसचे तिकीट चालकाकडे मिळेल या भरवशावर राहू नये. ते चौकाजवळच्या तंबाखूच्या दुकानातून, पुतळ्याला दिशा विचारण्यापूर्वीच, काढून ठेवावे.