मंडळ काढायचे आहे? आधी शिक्का करा

विद्यापीठात नवे मंडळ काढण्याची इच्छा साधारणतः जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, कॅन्टीनमध्ये, दुसऱ्या चहाला होते. ती दाबू नये. त्या क्षणी टेबलाभोवती जितकी माणसे असतील तितकी पदे तिथल्या तिथे निर्माण करावीत. संस्था-नोंदणीचा १८६० सालचा कायदा संस्था काढायला किमान ७ माणसे मागतो. कॉलेजातल्या मंडळाला तो लागत नाही, पण आकडा सोयीचा आहे. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष, प्रसिद्धिप्रमुख. झाले सात. चहाचे पैसे ज्याने दिले तो कोषाध्यक्ष, आणि ज्याने विषय काढला त्याला सहसचिव करावे, म्हणजे तो पुन्हा विषय काढणार नाही. आठवा कोणी खुर्ची ओढून बसलाच तर सल्लागार. सभासदांचे नंतर बघता येते. (अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष यांच्यात फरक काय, हे दोन वर्षे उपाध्यक्ष राहूनही मला उमगलेले नाही.)

मग मंडळ कशाचे, हे ठरवावे. आम्ही आकाशदर्शनाचे ठरवले. पुण्यात जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत आकाश नावाची गोष्ट ढगांच्या वर असते, त्यामुळे जुलैत स्थापन होणाऱ्या मंडळाला याहून सोयीचा विषय नाही. पहिले तीन महिने कोणी काम विचारत नाही. ऑक्टोबरात ढग हटतात तेव्हा सत्रपरीक्षा येते, नंतर दिवाळीची सुट्टी, डिसेंबरात गॅदरिंग. तारे दिसण्याचा आणि पोरे रिकामी असण्याचा काळ एकत्र येईल असे वेळापत्रक अद्याप कोणत्याही विद्यापीठाने आखलेले नाही.

इथे एखादा खवचट पुणेकर विचारेल की ज्या गावात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे, जिथे विद्यापीठाच्याच आवारात १९८८ साली जयंत नारळीकरांनी आयुका उभी केली, तिथे तुमचे आणखी एक कशाला? उत्तर तयार ठेवावे: त्यांच्याकडे आमचा अध्यक्ष नाही.

नावावर दोन बैठका जातात. ‘नक्षत्र’ म्हटले की मंगल कार्यालय वाटते, ‘तारांगण’ म्हटले की गृहसंकुल. इंजिनिअरिंगच्या पोरांना ‘अ‍ॅस्ट्रो क्लब’ हवे असते आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना ‘खगोल जिज्ञासा मंडळ’. तोडगा असा: लेटरहेडवर मराठी नाव, टी-शर्टवर इंग्रजी. टी-शर्ट आधी छापावेत. दुर्बिणीचे पैसे जमले नाहीत तरी चालते, टी-शर्टचे जमतातच.

आता अर्ज. या टप्प्यावर मंडळे मरतात, म्हणून जरा थांबून सांगतो. ‘मा. प्राचार्य यांस’ असे डावीकडे लिहावे. खाली ‘विषय : आकाशदर्शन मंडळ स्थापन करण्यास परवानगी मिळणेबाबत’. ‘मिळण्याबाबत’ असे शुद्ध लिहिलेत की समोरचा ओळखतो, पोरगे नवीन आहे. पुढे ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, शेवटी ‘आपला विश्वासू’. दोन प्रती काढाव्यात. एक द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ही पोच जिवापाड जपावी, कारण पहिली प्रत हरवणार आहे.

आमचा अर्ज तीन दिवसांनी परत आला. तो मंडळाच्या लेटरहेडवर नव्हता. लेटरहेड छापायला परवानगी हवी आणि परवानगीच्या अर्जाला लेटरहेड हवे. सचिव हताश झाला. पण आपल्या शहरांत अजून शिक्केवाले आहेत. शिक्केवाला परवानगी विचारत नाही. गोल हवा की चौकोनी, एवढेच विचारतो. गोल घ्यावा. मध्ये चांदणी, कडेने नाव, खाली ‘स्थापना’ आणि साल. कोऱ्या कागदावर तो उमटवला की लेटरहेड झाले. तोच अर्ज त्याच टेबलावर दिला आणि मंजूर झाला. मंडळ परवानगीने स्थापन होते असा एक गोड गैरसमज आहे. ते शिक्क्याने होते.

प्रभारी प्राध्यापक मिळवताना सही करणारे आणि कार्यक्रमाला न येणारे, असे शोधावेत. आमच्या सरांनी एकच अट घातली: प्रत्येक उपक्रमाचा जिओटॅग असलेला फोटो हवा, नॅकच्या फायलीला. आम्ही अमावास्येच्या रात्री गच्चीवरून आकाशाचा फोटो काढला. अक्षांश बरोबर, रेखांश बरोबर, वेळ बरोबर, बाकी चौकटभर मिट्ट काळोख. तो फोटो आजही फायलीत आहे, खाली ‘विद्यार्थी ग्रहनिरीक्षण करताना’ असे लिहून.

उद्घाटन कोजागिरीला करावे. पौर्णिमेच्या चांदण्यात निम्म्याहून अधिक तारे बुडतात, तेव्हा आकाशदर्शनाला वर्षातल्या वाईट रात्रींपैकी ती एक. पण मसाला दूध असते. आमच्या उद्घाटनाला दीडशे डोकी होती. दीपप्रज्वलन झाले, शाल-श्रीफळ झाले, पाहुण्यांचे भाषण पाऊण तास चालले, आभारप्रदर्शनात ध्वनिक्षेपकवाल्याचेही नाव घेतले गेले. दूध संपले आणि गच्ची रिकामी झाली. वर कोणी पाहिलेच असेल तर पातेल्यात चंद्र दिसतो का हे बघून झाल्यावर. पुढच्या अमावास्येला आम्ही चार जण होतो, त्यातला एक वॉचमन.

नाउमेद करणारी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची एक साहित्य आणि विज्ञानाची सभा निघाली. त्यात तरुण दादाभाई नौरोजी होते. निबंध वाचणे, चर्चा करणे हा तिचा उद्योग. वर्षभरात याच पोरांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि फावल्या वेळात स्वतः फुकट शिकवायला उभे राहिले. आमच्या मंडळाने पहिल्या वर्षभरात व्हॉट्सअ‍ॅपचे तीन ग्रुप काढले: एक पदाधिकाऱ्यांचा, एक सर्वांचा आणि एक अध्यक्षांना वगळून.

आता सतरंजी. एवढे सगळे मार्गदर्शन वाचून झाले असेल तर खरी अडचण सांगतो: गच्चीवर बसायला सतरंजी लागते आणि पदाधिकारी सतरंजी उचलत नाहीत. गच्चीची किल्ली शिपाईमामांकडे असते आणि मामा पदाधिकाऱ्यांना ओळखत नाहीत. “कोण अध्यक्ष? मला काय सांगता साहेब, साडेसातला फाटक लागतं,” हे त्यांचे धोरण. मंडळाला एक असा माणूस लागतो ज्याला मामा नावाने हाक मारतात.

आमच्याकडे तो पहिल्या वर्षाचा, माण तालुक्यातून आलेला पोरगा निघाला. त्याने मामांना विचारून जिमखान्यातली जुनी सतरंजी मिळवली, झटकली आणि वर नेली. दुर्बीण नव्हतीच. फेब्रुवारीतल्या त्या रात्री मृग डोक्यावर होता, खाली व्याध लखलखत होता. ईशान्येला सप्तर्षी वर येत होते. अध्यक्ष मोबाइलमधले अ‍ॅप आकाशाकडे धरून गोल फिरत होते. पोरगा सप्तर्षींकडे बोट दाखवत म्हणाला, “आमच्यात याला बाज म्हणतात. म्हातारीची. आणि हे मागचे तिघं चोर, बाज पळवायला आलेत.” उन्हाळाभर अंगणात झोपणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. मग त्याने बाजेच्या दोन खुरांवरून सरळ रेघ धरून ध्रुव दाखवला. अ‍ॅप तेव्हा ‘होकायंत्र जुळवा’ म्हणत होते.

त्या रात्रीचे इतिवृत्त मी लिहिले. त्यात अध्यक्षांचे मनोगत आहे, कार्याध्यक्षांची सूचना आहे, सहसचिवांचे अनुमोदन आहे. पोराचे नाव नाही, कारण त्याच्याकडे पद नव्हते आणि इतिवृत्ताच्या नमुन्यात बिनपदाच्या माणसाला रकाना नसतो.

आम्ही सातही जण आता पास होऊन बाहेर पडलो आहोत. शिक्का कोणाकडे आहे यावरून कार्याध्यक्ष आणि सचिव अजून बोलत नाहीत. पोरगा तिसऱ्या वर्षाला आहे, गच्चीची किल्ली मामा आता त्याच्याच हाती देतात. येत्या अमावास्येला यायचे असेल तर सातच्या आत पोहोचा. स्वेटर आणा, सतरंजी आहे.